साथ मागाहून येते

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि सास्तूरच्या पट्ट्यातली माळवदाची घरे कोसळली. मृतांची मोजणी संपण्याआधीच दुसरी धास्ती सुरू झाली होती: आता रोगराई येणार. सप्टेंबर २०२५ मध्ये पुराच्या पाण्याने धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा आणि भूम तालुक्यांतली गावे वेढली, माणसे हेलिकॉप्टरने उचलावी लागली, तेव्हाही तीच धास्ती होती आणि तिच्यावरचे उत्तरही तेच होते. फवारणी करा, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका, गोळ्या वाटा, शिबिर भरवा. पंधरा दिवसांत मोठी साथ आली नाही की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि विषय मिटतो.

आपत्ती आली की तिच्या पोटातून साथ येतेच, ती घाणीतून आणि प्रेतांतून येते आणि औषधांच्या साठ्याने ती थोपवता येते, ही समजूत सर्वमान्य आहे. ती उथळ आहे, आणि तिच्यामुळे माणसे मरतात. माझे म्हणणे असे की आपत्तीनंतरची साथ बहुतेक वेळा आपत्तीनंतर उभ्या केलेल्या व्यवस्थेतून येते. निवारा कुठे दिला, पाणी कुठून आणले, धान्य कुठे सोडून आलो, माणसे किती दाटीने आणि किती दिवस ठेवली, यावर ती ठरते. हे खरे असेल तर साथीचा तपास हे मदतकार्य आटोपल्यावर तज्ज्ञांनी सवडीने करायचे काम राहत नाही. तो मदतकार्याचाच भाग होतो, आणि त्यात जंतूइतकीच मदतीचीही चौकशी करावी लागते.

पहिला मुद्दा: प्रेतांची भीती

भूकंपात ढिगाऱ्याखाली चिरडून मेलेला माणूस मरणाच्या क्षणापर्यंत धडधाकट होता. त्याच्या शरीरात पटकी नव्हती, प्लेग नव्हता. मेल्यावर तो रोग शरीरात नव्याने तयार होत नाही. शरीर कुजते, दुर्गंधी सुटते, सोसवत नाही. पण दुर्गंधीने साथ पसरत नाही. जागतिक आरोग्य संघटना गेली कित्येक वर्षे हेच सांगत आली आहे. मृत्यू मुळात पटकी किंवा इबोलासारख्या रोगाने झाला असेल, तर प्रेत हाताळणाऱ्याने जपावे लागते. पुरात वाहून आलेले जनावर पिण्याच्या विहिरीत पडले असेल, तर ती विहीर बंद करावी लागते. अपवाद आहेत ते असे, नेमके आणि मोजके.

किल्लारीच्या भूकंपात मृतांचा आकडा मोजणीगणिक आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. पावसात, चिखलात, मिळेल त्या लाकडावर सामूहिक दहन झाले. ते करणाऱ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग क्वचितच होता. पण 'रोगराई पसरेल' या भीतीने घाई वाढते, तेव्हा ओळख पटवणे राहून जाते, आणि पुढे कितीतरी घरांत आपले माणूस गेले की हरवले हा प्रश्न कागदावरही सुटत नाही आणि मनातही. शिवाय जी माणसे, वाहने आणि तास जिवंतांच्या पाण्यासाठी लागायला हवे होते, ते भलतीकडे जातात. सर्वात मोठे नुकसान मात्र वेगळेच आहे. प्रेते हलली, फवारणी झाली की धोका टळला असे वाटते, आणि खरा धोका तर तेव्हा सुरू व्हायचा असतो.

दुसरा मुद्दा: साथ उशिरा येते, आणि दुसरीकडे येते

भूकंपग्रस्त पट्ट्यात तेव्हा मोठी साथ आली नाही. याचे श्रेय आरोग्य कर्मचाऱ्यांना द्यायलाच हवे. पण पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९४ च्या अखेरीस, शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात काखेत आणि जांघेत गाठी येऊन माणसे तापाने फणफणू लागली. देशात १९६६ नंतर माणसातल्या प्लेगची नोंद नव्हती; आता तो परत आल्याचे सांगितले जाऊ लागले. भूकंपाला तेव्हा अकरा महिने झाले होते.

तज्ज्ञांनी त्यावर मांडलेले स्पष्टीकरण विचार करण्याजोगे आहे. भूकंपाच्या आणि नंतरच्या धक्क्यांच्या भीतीने लोक घरे सोडून बाहेर राहू लागले. घरात साठवलेले धान्य तसेच राहिले. माणसांचा वावर नाही आणि धान्य मुबलक, अशा घरांत उंदीर वाढले. रानातल्या उंदरांमध्ये दबून असलेला जंतू घरच्या उंदरांपर्यंत आणि पिसवांमार्फत माणसांपर्यंत पोचायला वाट मिळाली. माणसे आजारी पडण्याआधी गावात पिसवांचा उपद्रव झाल्याची तक्रार होती. या साखळीची प्रत्येक कडी सिद्ध झाली आहे असा माझा दावा नाही. पण तिची दिशा पाहा. त्यात भूकंपाने मेलेला एकही माणूस येत नाही. येतात ती ओस घरे, कणग्यांतले धान्य, आणि ज्यांच्याकडे भूकंपग्रस्त म्हणून कोणी बघतच नव्हते अशी गावे.

याचे मोठे आणि अधिक भीषण उदाहरण हैतीचे. १२ जानेवारी २०१० रोजी राजधानी पोर्तोप्रँसला भूकंपाने जमीनदोस्त केले. जगभरातून मदत गेली. भूकंपग्रस्तांच्या तंबूवस्त्यांमध्ये पटकी येईल म्हणून सगळ्यांचे लक्ष तिकडे लागले होते. पटकी आली ती ऑक्टोबरमध्ये, म्हणजे नऊ महिन्यांनी, आणि उगवली ती राजधानीपासून दूर, मिरबले गावाजवळ, आर्तिबोनीत नदीच्या खोऱ्यात. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची नेपाळी तुकडी होती आणि तिच्या छावणीतले मैलापाणी नदीच्या उपनदीत जात होते. हैतीत त्याआधी अशी पटकीची साथ कोणाला आठवत नव्हती. पुढच्या वर्षांत जवळपास १०,००० माणसे गेली.

सुरुवातीला अनेक जबाबदार मंडळी म्हणत होती की उगम शोधण्यात आता वेळ घालवू नये, उपचार महत्त्वाचे. रेनो पियारू नावाच्या फ्रेंच साथरोगतज्ज्ञाने गावोगावचे पहिले रुग्ण आणि त्यांच्या तारखा मांडून नदीच्या प्रवाहाबरोबर साथ कशी उतरत गेली हे दाखवले. जंतूच्या जनुकीय तपासणीने नेपाळशी असलेला दुवा नंतर पक्का केला. संयुक्त राष्ट्रांनी आपला वाटा मान्य केला तो २०१६ मध्ये. मदतीला आलेल्यांनीच साथ आणली हे ऐकायला कटू आहे. पण तो तपास झाला नसता तर 'भूकंप झाला, म्हणून पटकी आली' हेच वाक्य इतिहासात राहिले असते, आणि परदेशी तुकड्यांच्या शौचकुपांकडे पुढच्या आपत्तीतही कोणी पाहिले नसते.

दोन्ही ठिकाणी साथ आपत्तीच्या नकाशाबाहेर आणि आपत्तीच्या मुदतीबाहेर आली. आपली देखरेख मात्र नकाशाच्या आत असते आणि पंधरा दिवस चालते.

पुराच्या बाबतीत तर ही मुदत रोगागणिक मोजता येते. दूषित पाण्याने होणारा गॅस्ट्रो दोन-चार दिवसांत दिसतो. लेप्टोस्पायरोसिसला एक ते तीन आठवडे लागू शकतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो पाहिला आहे. साचलेल्या पाण्यात डास वाढून डेंगी यायला महिना जातो. पाण्यातून येणारी कावीळ आठ आठवड्यांपर्यंत अंगात दबा धरून राहू शकते. म्हणजे सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यातल्या घोटभर पाण्याचा हिशेब नोव्हेंबरात लागणार. तोवर निवारा केंद्रे बंद झालेली असतात, पंचनामे झालेले असतात, आणि कावीळ झालेल्या बाईला 'पुराच्या वेळी कुठे राहत होतात, पाणी कुठले प्यायला होतात' असे विचारायचे कोणाच्या मनातही येत नाही.

तिसरा मुद्दा: जंतू सापडला म्हणजे तपास झाला, असे नाही

१९९४ मध्ये बीड आणि त्यापाठोपाठ सुरत इथल्या साथीवरून देशात मोठा वाद झाला. हा प्लेगच आहे का? की दुसरे काही? प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळेनात. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पुढे जनुकीय तपासण्यांनी तो प्लेगचाच जंतू असल्याचे दाखवले. तो वाद निरर्थक होता असे मी म्हणणार नाही. निदान पक्के असणे अत्यावश्यक असते. पण त्या वादाने आपल्या मनात तपासाची एक चुकीची प्रतिमा रुजवली, की तपास म्हणजे नमुना दिल्लीला किंवा पुण्याला जाणे आणि तिथून नाव येणे.

नाव कळल्याने उपचार ठरतो. साथ थांबवायला लागते ती वेगळी माहिती: कोण आजारी पडले, कधी पडले, कुठे राहत होते, आणि जे आजारी पडले नाहीत त्यांनी वेगळे काय केले. शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात कमी वेळा विचारला जाणारा. रुग्णालय आजाऱ्यांनाच भेटते. बऱ्या माणसाला भेटायला गावात जावे लागते.

एक कल्पित गाव घेऊ, पण आकडे बारकाईने पाहू. परंडा तालुक्यातले पूर ओसरलेले गाव. गावठाणात १,६०० माणसे, उंचावरच्या वस्तीवर २५०, आणि शाळेतल्या निवारा केंद्रात १५०. आठवड्याभरात जुलाब-उलट्यांचे ५५ रुग्ण. आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात सगळ्यांच्या पुढे गावाचे एकच नाव. त्यावरून निघणारा निष्कर्ष: गावात गॅस्ट्रो आहे, सगळ्या विहिरींत टीसीएल टाका. आता त्याच ५५ जणांचे राहते ठिकाण विचारा. गावठाणातले ३२, वस्तीवरचे ५, शाळेतले १८. नुसते आकडे पाहिले तर गावठाण सर्वात वाईट दिसते. लोकसंख्येने भागले की गावठाणात शेकडा २, वस्तीवर शेकडा २, आणि शाळेत शेकडा १२. साथ शाळेत आहे. आता शाळेतल्या दीडशे जणांना, बऱ्यांनाही, एकच प्रश्न विचारा: पाणी कुठले प्यायलात? अंगणातल्या काळ्या टाकीचे पाणी पिणारे ९०, त्यांतले १७ आजारी. बाहेरून वाटपात आलेल्या बाटल्यांचेच पाणी पिणारे ६०, त्यांतला १ आजारी. शेकडा १९ आणि शेकडा २ हूनही कमी. यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. एक वही, दोन माणसे आणि एक दुपार लागली.

मग टाकीपाशी जायचे. नळी पाण्याने भरायची, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आलाच नाही तर ते संपले आहे किंवा टाकलेच नव्हते. ही ओटी टेस्ट गावातल्या जलसुरक्षकाला येते. पण ती बहुधा टँकर भरताना होते, आणि पाणी प्यायले जाते चार तासांनी, झाकण तुटलेल्या टाकीतून, मग बादलीतून, मग हात बुडवलेल्या तांब्यातून. गढूळ पाणी क्लोरीन लवकर खाऊन टाकते. ओलीत ठेवलेल्या पोत्यातल्या टीसीएलचा जोर आधीच गेलेला असतो. पुरात या दोन्ही गोष्टी एकदमच घडतात. म्हणून चाचणी शेवटच्या भांड्यातल्या पाण्याची व्हायला हवी. 'टीसीएल टाकले' ही नोंद आणि 'शेवटच्या तांब्यात क्लोरीन होते' ही नोंद, या दोन नोंदींमध्ये जे अंतर आहे त्यात साथ बसलेली असते.

प्रयोगशाळेचे कामही वेळेवर झाले पाहिजे. पहिल्या पाच-सहा रुग्णांच्या शौचाचे नमुने प्रतिजैविकाची पहिली गोळी देण्याआधी घेतले, कॅरी-ब्लेअर माध्यमात ठेवून पाठवले, तर पटकी आहे की नाही हे कळेल. गोळी आधी दिली तर जंतू सापडणार नाही आणि अहवालात 'नकारार्थी' असे येईल. त्या शब्दावर विश्वास ठेवून पुढचे निर्णय झाले तर काय होते हे वेगळे सांगायला नको.

चौथा मुद्दा: छेद हरवतो

वरच्या गणितात सर्वात कठीण आकडा रुग्णांचा नव्हता, छेदातल्या दीडशेचा होता. आपत्तीत लोकसंख्या हाच सर्वात अस्थिर आकडा असतो. जनगणनेतले गाव जाग्यावर नसते. अर्धे नातेवाइकांकडे गेलेले, काही शेतातल्या उंच बांधावर जनावरांपाशी थांबलेले, काही निवाऱ्यात नुसते जेवायला येणारे. २०२५ चा पूर ऐन नवरात्रात आला. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती. एकीकडे परंडा-भूममधून माणसे बाहेर काढली जात होती आणि त्याच दिवसांत त्याच जिल्ह्यात, तुळजापूरला, राज्याबाहेरूनही भाविक चालत येत होते. तुळजापुरात एखादा रुग्ण सापडला तर तो कुठला मोजायचा? कोणत्या लोकसंख्येने भागायचा?

जग हा धडा गोम्यात शिकले. जुलै १९९४ मध्ये रवांडातल्या हत्याकांडानंतर पाच ते आठ लाख निर्वासित काही दिवसांत झाईरमधल्या गोमा शहराजवळ लाव्ह्याच्या खडकाळ जमिनीवर येऊन पडले. पटकी आणि रक्ती आव यांनी पहिल्या महिन्यातच सुमारे ५०,००० जीव घेतले. दर १०,००० माणसांमागे रोज १ मृत्यू ही आणीबाणीची खूण मानली जाते. तिथे तो दर २० ते ३५ होता. हे कळले कसे? रस्त्याकडेची प्रेते उचलणाऱ्या ट्रकांच्या नोंदी ठेवल्या गेल्या, निवाऱ्या-निवाऱ्यातून पाहणी केली गेली, आणि माणसे नक्की किती यावर स्वतंत्र काम झाले. माणसे आठ लाख धरली की पाच लाख यावरून दर बदलत होता, आणि दरावरून किती पाणी, किती सलाइन, किती माणसे लागतील हे ठरत होते. मोजणी ही तिथे उपचाराची पहिली पायरी होती.

आक्षेप आणि उत्तरे

'आधी जीव वाचवा, वह्या नंतर भरा.' हा आक्षेप मी सर्वात गंभीर मानतो, कारण तो कामाने पिचलेला प्रामाणिक वैद्यकीय अधिकारी घेतो. त्याला माझे उत्तर बनगावचे आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांमध्ये पटकी पसरली. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या रुग्णालयात जमिनीवर रुग्ण पडलेले, सलाइन संपत आलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपांतून नातेवाइकांच्या हाती दिले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्या धामधुमीत त्यांनी नोंदी ठेवल्या. शेकडा ३० पर्यंत जाणारे मृत्यू शेकडा ४ च्याही खाली आले हे त्या नोंदींमुळे दाखवता आले. नोंदी नसत्या तर तो एका भल्या डॉक्टरचा नाइलाजाचा उपाय म्हणून विसरला गेला असता. आज आशाताईच्या पिशवीत जलसंजीवनीची पाकिटे आहेत, त्याला त्या वहीचाही हात लागला आहे.

'आकडे जाहीर केले तर घबराट होते.' सुरतेचा दाखला इथे नेहमी दिला जातो: लाखो लोक शहर सोडून पळाले, निर्यात थांबली, विमाने बंद झाली, आणि मृत्यू तर देशभरात मिळून पन्नास-साठच्या घरात होते. घबराट झाली हे खरे आहे. पण तेव्हा विश्वासार्ह माहितीची जागा रिकामी होती. आज एक अधिकारी प्लेग म्हणतो, उद्या दुसरा नाही म्हणतो, आणि मधल्या काळात औषधे दुकानांतून गायब होतात, अशा वेळी माणूस पळणारच. कोणत्या वस्तीत किती रुग्ण, कोणती टाकी बंद केली, पर्यायी पाणी कुठे मिळेल, हे रोज ठरलेल्या वेळी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले, तर लोक पळण्याऐवजी टाकी बदलतात.

'यंत्रणा आहेच की.' आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. उपकेंद्रातून लक्षणांची, डॉक्टरांकडून संशयित रुग्णांची आणि प्रयोगशाळेतून खात्रीच्या रुग्णांची माहिती जिल्ह्याकडे जाते, आता तर ती ऑनलाइन जाते. शांत दिवसांत ही यंत्रणा उपयोगी पडते. आपत्तीत तिचा कणाच मोडतो. उपकेंद्रात पाणी शिरते, आरोग्यसेविकेचे स्वतःचे घर बुडालेले असते, नेटवर्क नसते, आणि पहिला रुग्ण ज्याच्याकडे जातो तो गावातला खासगी डॉक्टर कुठलाच अर्ज भरत नाही. मग तालुक्याच्या तक्त्यात त्या गावापुढे शून्य दिसते. 'रुग्ण नाहीत' असे शून्य आणि 'अहवालच आला नाही' असे शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्या गावातून अहवाल आला नाही, तिथे दुसऱ्या दिवशी माणूस पाठवायला हवा, कारण आपत्तीत सर्वात वाईट अवस्थेतली गावेच गप्प असतात.

'दुःखात असलेल्यांना प्रश्न विचारत फिरणे अमानुष आहे.' हे कसे विचारता त्यावर आहे. १८९७ च्या पुण्यात रँडच्या प्लेग समितीने गोरे सोल्जर घराघरांत घुसवले, माणसे उचलून नेली, सामान बाहेर फेकले. लोक रुग्ण लपवू लागले, प्रेतेही लपवू लागले. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. रोगनियंत्रण म्हणूनही ती पद्धत फसली होती, कारण लपवलेला रुग्ण मोजता येत नाही. त्याच वर्षी त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांना स्वतः उचलून मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात नेत होत्या. १० मार्चला त्या प्लेगनेच गेल्या. कोणाला दार उघडायचे, हे लोक नीट ओळखतात.

धाराशिवला हा धडा बाहेरून आणायची गरज नाही. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) गावांतल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले. घर कसे बांधायचे, पैसा कुठे अडला, हे त्या गावाला आणि सरकारला एकमेकांशी बोलायला लावून सोडवत होत्या. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने कमी शिकलेल्या, बऱ्याचदा एकट्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. अशा बाईला कोणाच्या चुलीपाशी कोणते पाणी असते हे विचारावे लागत नाही. तिला ते माहीत असते. रुग्णयादी भरायला तिच्याइतके योग्य माणूस जिल्हा मुख्यालयातून पाठवता येणार नाही. तिला मानधन, एक छापील तक्ता आणि तिने पाठवलेल्या माहितीचे काय झाले याचे उत्तर हवे. शेवटची गोष्ट पैशापेक्षाही अवघड आहे, कारण वरून उत्तर द्यायची आपल्याला सवय नाही.

खरा विरोध कुठून येतो

एक आक्षेप उघडपणे कोणी घेत नाही, पण बाकीच्या सगळ्यांमागे तो असतो. तपास झाला की बोट व्यवस्थेकडे जाते. टँकर कोणी भरला, कुठल्या उद्भवावरून भरला, ठेका कोणाचा होता, शाळेत दीडशे माणसांना किती शौचालये होती, पाण्याचा स्रोत धोक्याचा म्हणून लाल कार्ड मिळालेल्या ग्रामपंचायतीने तो का सुधारला नाही. 'दूषित पाण्यामुळे साथ' हे वाक्य सर्वांना चालते, कारण त्यात कर्ता नाही. अमुक तारखेला अमुक टाकीत क्लोरीन नव्हते हे वाक्य चालत नाही.

म्हणून साथतपास आणि दोषारोप वेगळे ठेवले पाहिजेत, असे मला वाटते. क्लोरीन नव्हते असे सांगणाऱ्या जलसुरक्षकालाच पहिली नोटीस जाणार असेल, तर पुढच्या वेळी त्याच्या वहीत रंग कायम पिवळाच येईल. माहिती देणाऱ्याला संरक्षण आणि माहिती दडपणाऱ्याला शिक्षा, असा नियम जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात लिहिलेला हवा. धाराशिवात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या जनऔषध वैद्यकशास्त्र विभागाला आपत्तीच्या पहिल्या दिवसापासून तपासाचा अधिकार देता येईल, आणि त्यांचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो त्याच दिवशी ग्रामसभेकडेही जावा. टँकरच्या फेरीबरोबर उद्भव, वेळ आणि क्लोरीनची नोंद बांधता येईल. दुष्काळी उन्हाळ्यांत टँकरवर जगण्याची या जिल्ह्याला जितकी सवय आहे, तितकी टँकरच्या पाण्याचा माग ठेवण्याची नाही.

नव्वद दिवसांचा प्रश्न

यातला सर्वात अवघड भाग वेळेचा आहे. देखरेख पंधरा दिवसांऐवजी निदान नव्वद दिवस चालू ठेवा, असे म्हणणे सोपे आहे. पण कोणावर ठेवणार? सप्टेंबरचा पूर ओसरतो आणि ऑक्टोबरअखेरीस साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायला लागतात. ज्यांची जमीन खरडून गेली, ज्यांची जनावरे वाहून गेली, त्यांच्यापुढे ऊसतोडीच्या मुकादमाची उचल हाच आधार उरतो. भूम, कळंब, वाशीकडची कुटुंबे ट्रॅक्टरवर संसार लादून सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात जातात. कावीळ किंवा डेंगी त्यांच्याबरोबर जातो आणि फडाशेजारच्या कोप्यांत, कारखान्याच्या तळावर उघड होतो. तिथल्या दवाखान्यात तो 'बाहेरगावचा मजूर' म्हणून नोंदला जातो, तिथल्या साथीत मोजला जात नाही. धाराशिवच्या तक्त्यात ते घर बंद असते, म्हणून तिथेही शून्य. दोन्ही जिल्हे आपापल्या परीने खरे बोलत असतात आणि रुग्ण कोणाच्याच यादीत नसतो. निवारा केंद्रातून घरी सोडताना प्रत्येक कुटुंबाची नोंद आशाताईकडे असेल, ते कुटुंब कोणत्या मुकादमाबरोबर कोणत्या कारखान्यावर गेले हे त्याच नोंदीत लिहिले जाईल, आणि कारखान्याच्या तालुक्यातल्या आरोग्य अधिकाऱ्याला ती यादी गाळप सुरू होण्याआधी मिळेल, तरच नोव्हेंबरातल्या त्या कावीळ झालेल्या बाईला कोणी तरी विचारील, की सप्टेंबरात पाणी कुठले प्यायलीस.